रबर, पीयू आणि मधली भिंत : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये मधोमध एक भिंत आहे. अलीकडे रबर, पलीकडे पॉलियुरेथेन, ज्याला बाजारात सगळे नुसतं पीयू म्हणतात. भिंत नंतर घातली. रबराच्या बाजूला कार्बन ब्लॅक, म्हणजे रबरात मिसळायची काजळीसारखी काळी भुकटी, उडतो आणि पीयूला धूळ चालत नाही, दमट हवा तर त्याहून चालत नाही. गाडीच्या सस्पेन्शनचे बुश, म्हणजे तिथल्या सांध्यांत बसून धक्के पोटात घेणारे तुकडे, आम्ही दोन्हींत बनवतो. पीयूवर चार पैसे जास्त सुटतात हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहिलंय ते वाचताना आमचा कल कुठे असायला हवा होता हे लक्षात राहील.

धंदा अण्णांचा. नव्वदच्या दशकात त्यांनी रबर कंपनीतली प्रेसवरची नोकरी सोडली आणि एक सेकंडहँड हायड्रॉलिक प्रेस घेतली. सुरुवातीला सगळं जॉबवर्क : टेम्पोच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, शॉकॲब्सॉर्बरच्या डोळ्यातली रबरं, सायलेन्सरची हँगर. माल देऊन यायचं, चलनावर सही घ्यायची आणि पैशासाठी हेलपाटे घालायचे. १९९८ च्या अखेरीस इंडिका आली, पुढे ती टॅक्सीत धावायला लागली आणि कारच्या बुशला गॅरेजवाल्यांकडून थेट मागणी सुरू झाली. तिथून आम्ही जॉबवर्क कमी करत स्वतःच्या डायांवर, म्हणजे साच्यांवर, आलो.

बुश दिसायला किरकोळ वस्तू. बाहेर लोखंडी नळी, आत तशीच जाड नळी, म्हणजे स्लीव्ह, मध्ये रबर. पण रबर लोखंडाला धरून राहिलं पाहिजे, सगळी मेख तिथे आहे. स्लीव्हवरचं तेल-ग्रीस काढायचं, शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छर्रे मारून पृष्ठभाग खरबरीत, करायचं, प्रायमर, त्यावर बॉण्डिंगचा थर, आणि मग डायमध्ये दीडशे अंशांच्या आसपास रबर पिकवायचं. ब्लास्टिंग झालेल्या स्लीव्हला उघडा हात लावायचा नाही हा अण्णांचा नियम. डबा खाऊन आलेल्या माणसाला तर ते हात धुऊनही तिथे फिरकू देत नसत. शेंगदाण्याच्या चटणीचं बोट लागलं तरी बॉण्ड गेला म्हणायचे. प्रत्येक लॉटमधला एक बुश आजही करवतीने कापतो, व्हाइसमध्ये धरतो आणि पकडीने रबर ओढतो. रबर मधूनच फाटलं, लोखंडावर काळा थर चिकटून राहिला, तर माल पास. खालून चकचकीत लोखंड दिसलं की अख्खा लॉट भंगारात.

कच्च्या मालाने आम्हाला जेवढं नाचवलं तेवढं गिऱ्हाइकाने नाही. नैसर्गिक रबर केरळातून येतं आणि कोट्टायमचा भाव पाहूनच आमचा दिवस सुरू होतो. २०११ मध्ये तो किलोला २४० रुपयांच्या घरात गेला, आणि २०१६ च्या सुरुवातीला शंभरच्याही खाली उतरला. स्वस्त झाल्यावर दुकानदार रेट कमी करायला सांगतात, महाग झाल्यावर कोणी वाढवून देत नाही. त्या महागाईच्या दिवसांत काहींनी रिक्लेम रबर, म्हणजे जुन्या टायरचं पुन्हा वापरलेलं रबर, कंपाउंडमध्ये वाढवलं. अण्णांनी सस्पेन्शनच्या बुशात ते शिरू दिलं नाही. नैसर्गिक रबराचा गुणच असा आहे की ताणलं की त्याच्या आत, नेमकं चिरेच्या टोकापाशी, स्फटिक तयार होतात आणि चीर पुढे जायची थांबते. लाखो हेलकावे खाणाऱ्या वस्तूला हेच हवं. भेसळीने तेच कमी होतं.

पीयू आमच्याकडे आणलं गाड्यांच्या शौकीन पोरांनी. पॉवरफ्लेक्सचे जांभळे, सुपरप्रोचे निळे बुश ते परदेशातून मागवत आणि किंमत ऐकून आम्ही गप्प होत असू. मग एकाने इथल्या गाडीचा बुश आणून ठेवला : याचा सेट कुठेच मिळत नाही, तुम्ही ओतून द्या. मी तेव्हा नुकताच धंद्यात उतरलो होतो. अण्णा म्हणाले, “तू कर, पण रबराच्या प्रेसला हात लावायचा नाही.”

पीयू दाबून नाही, ओतून बनतं. प्रीपॉलिमर, म्हणजे पीयूचा अर्धवट तयार दाट द्रव, गरम करायचं, व्हॅक्यूममध्ये त्यातली हवा काढायची, वितळवलेला क्युरेटिव्ह, म्हणजे त्याला घट्ट करणारं रसायन, मिसळायचा आणि घट्ट व्हायच्या आत तापलेल्या डायमध्ये सोडायचं. नंतर ओव्हनमध्ये रात्रभर. क्युरेटिव्ह म्हणून सर्रास वापरलं जाणारं मोका कॅन्सरकारक म्हणून नोंदलेलं रसायन आहे, त्यामुळे हातमोजे, मास्क आणि धूर ओढणारा पंखा यांत काटकसर नाही. उघड्या टपात मोका वितळवणारे अजून आहेत, हे लिहिताना बरं वाटत नाही.

आणि पाऊस. प्रीपॉलिमरमधल्या आयसोसायनेट या रसायनाला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे बुशात बुडबुडे. भोसरीच्या जुलैतली हवा त्याला पुरेशी असते. म्हणून पीयूच्या बाजूला डीह्युमिडिफायर आहे, ड्रमचं झाकण उघडलं की नायट्रोजन सोडूनच बंद होतं आणि पावसाळ्यात डाया ओव्हनमधून थेट टेबलावर येतात. शेडमधला सगळ्यात महागडा कोपरा हाच.

आता मूळ मुद्दा. लोकांना वाटतं रबर मऊ, पीयू कडक, म्हणून पीयू भारी. गाडीबरोबर येणारं कंपनीचं रबर साधारण ५० ते ७० शोअर ए (कडकपणा मोजायचं माप) असतं आणि बाजारातलं पीयू बहुतेक ८० ते ९५, हे खरं. पण खरा फरक काम करण्याच्या पद्धतीत आहे. रबरी बुशची आतली स्लीव्ह बोल्टने घट्ट आवळलेली असते. आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा, वर-खाली झाला की रबर पिळलं जातं आणि परत येतं. कुठेच काही घासत नाही. पीयू बुशमध्ये स्लीव्ह पीयूच्या आत फिरते, घासते. म्हणून त्याला ग्रीस लागतं, तेही सिलिकॉनचं, आणि एका पावसाळ्यात ते धुऊन गेलं की स्पीडब्रेकरवर गाडी जुन्या पलंगासारखी चिरचिरते.

दुसरी गोष्ट, कंपनीचा लोअर आर्मचा मागचा बुश हातात घेऊन पाहा. रबरात आरपार पोकळ्या दिसतील. रबर दाबलं म्हणून त्याचं आकारमान घटत नाही, त्याला फुगायला जागा लागते. ती जागा कुठे द्यायची यावर बुश कुठल्या दिशेला मऊ आणि कुठल्या दिशेला कडक हे ठरतं. खड्ड्यात चाक जरासं मागे सरकावं, पण वळणावर आडवं हलू नये, असा तो हिशोब असतो. तिथे पीयूचा भरीव ठोकळा बसवला की स्टिअरिंग झटकन उत्तर देतं, मजा येते, आणि प्रत्येक खड्डा थेट बॉडीत पोहोचतो. मागच्या ट्रेलिंग आर्मला तर आर्म थोडा तिरकाही व्हावा लागतो. पीयू तो तिरकेपणा अडवतं आणि ताण ब्रॅकेटवर जातो. काही गाड्यांत द्रव भरलेले हायड्रोबुश असतात. त्यांच्या जागी पीयू मागणाऱ्याला आम्ही एकदा तरी विचार करायला लावतो.

मग पीयू घालायचं कुठे? स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं आवरणाऱ्या दांड्याच्या, बुशला बिनधास्त. तिथे बार फिरतोच, आणि कडक बुशने वळणावरचं झुकणं कमी होतं. इंजिनचं तेल गळून ज्यांच्या बुशचं रबर फुगून लोळागोळा होतं त्यांनाही पीयू चांगलं, तेलाला ते दाद देत नाही. पाट्यांच्या डोळ्यात, ओझं वाहणाऱ्या गाडीला, चालतं. रॅलीवाल्यांना काय हवं ते त्यांचं त्यांना ठाऊक असतं. कोकणातल्या गिऱ्हाइकाला मात्र आम्ही पॉलिईथर जातीचं पीयू देतो, कारण पॉलिएस्टर जात तेलाला आणि घासण्याला तगडी असली तरी उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिली की तुटायला लागते. लाल, पिवळा, जांभळा या रंगांना काही अर्थ नाही. तो पिगमेंट आहे. एका कंपनीचा लाल दुसरीच्या काळ्यापेक्षा मऊ असू शकतो. तरीही लालच मागणारे आहेत. देतो.

एका मोठ्या दुकानदाराला आमच्याकडून 'फुल कार पीयू किट' हवं होतं, सगळे बुश एका खोक्यात. आम्ही स्टॅबिलायझरचा सेट आणि पुढचे दोन देतो म्हटलं, मागचे रबराचे घ्या म्हटलं. ऑर्डर दुसरीकडे गेली. अण्णांनी विचारलं, “मोठी होती का रे?” मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा पुसला आणि रबर मळायच्या मिलवर काय चाललंय ते बघायला गेले.

एप्रिल २०२० मध्ये मारुतीने देशात एकही गाडी विकली नाही, मग आमच्यासारख्यांचं काय विचारता. पण टाळेबंदी उठल्यावर लोक जुन्या गाड्या सांभाळायला लागले आणि सगळ्यांत आधी खपले ते रबरी लोअर आर्म बुश. आता इलेक्ट्रिक गाड्यांचे फोन येतात. बॅटरीमुळे गाडी जड, त्यात इंजिनाचा आवाज नाही, म्हणून बुशची बारीकशी खटखटही मालकाच्या डोक्यात जाते. अशांना पीयूचा आवाज सोसवणार नाही. त्यांच्यासाठी जरा जास्त भार पेलणारं रबर कंपाउंड चाचणीत आहे. गाडीवर पास झाल्याशिवाय विकणार नाही.

बुश मागवताना गाडीचं मॉडेल, साल, आर्मचा फोटो आणि गाडी कुठे चालते, घाटात, शहरात की शेताच्या रस्त्याने, एवढं कळवा. आणि रबरी बुश बसवणार असाल तर मेकॅनिकसमोर उभे राहा. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली असताना बोल्ट शेवटचा आवळला, तर गाडी खाली आल्यापासूनच रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे ढकलून बसू द्यायची आणि मगच पाना मारायचा. त्यानंतर अलाइनमेंट. जुना बुश फेकू नका, आमच्याकडे पाठवा; कुठून फाटलाय ते पाहून कारण बरंचसं सांगता येतं.