एका मुलाचा ग्राफ: फरक पडला, पण कशामुळे?

अमेरिकेत ऑटिझम असलेल्या मुलाची एबीए (अप्लाइड बिहेविअर अॅनालिसिस, म्हणजे वर्तनावर काम करणारी) थेरपी सुरू झाली की आठवड्यातले बरेच तास टॅब्लेट घेतलेली आरबीटी (थेरपी प्रत्यक्ष देणारी तंत्रज्ञ) मुलासोबत असते आणि ठरावीक दिवसांनी बीसीबीएबरोबर (थेरपी आखणाऱ्या तज्ज्ञाबरोबर) पालकांची मीटिंग होते. मीटिंगमध्ये एक ग्राफ समोर येतो. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या सेशनमध्ये किंचाळण्यासारखं वर्तन किती झालं. डावीकडे उपायाआधीचे वर राहिलेले काही ठिपके, मध्ये उपाय सुरू झाल्याची उभी तुटक रेघ आणि रेघेच्या उजवीकडे खाली उतरलेले ठिपके. आई-बाबांचा जीव भांड्यात पडतो. भारतातही कुणी असा ग्राफ दाखवला तर तो वाचता यायला हवा, म्हणून हे सविस्तर.

या ग्राफवरून फरक पडला एवढंच कळतं. तो थेरपीमुळे पडला, हे त्यावरून कळत नाही. पालक मदत मागायला जातात ते सगळ्यात वाईट दिवसांत, आणि वाईट दिवसांनंतर थोडे बरे दिवस तसेही येतात. मधल्या काळात औषध बदललेलं असतं, शाळेला सुट्टी लागलेली असते, दुखणारा दात काढलेला असतो. बेसलाइनला, म्हणजे उपायाआधीच्या मोजणीला, ‘ए’ आणि उपायाच्या टप्प्याला ‘बी’ म्हणतात. नुसत्या एबी ग्राफमध्ये ही सगळी कारणं थेरपीच्या खात्यावर जमा होतात. इथे अमेरिकेत इन्शुरन्सची मंजुरी ठरावीक महिन्यांची असते, प्रगती वेळेत दाखवावी लागते, त्यामुळे रोजच्या कामात बहुतेक ठिकाणी एबीवरच थांबतात. हे चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याला पुरावा म्हणू नये.

पुरावा कसा उभा करायचा ते कॅन्ससमधल्या एका वर्गात पाहायला मिळतं. या शास्त्राचं मुख्य नियतकालिक, जर्नल ऑफ अप्लाइड बिहेविअर अॅनालिसिस, 1968 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी हॉल, लुंड आणि जॅक्सन या संशोधकांचा अभ्यास त्यात आला. तिसरीतला एक मुलगा अभ्यासाच्या वेळी रबरबँड ताणत बसायचा, खिशातल्या खेळण्यांशी खेळायचा, दूध घोट घोट पीत वेळ काढायचा. निरीक्षक 10-10 सेकंदांच्या चौकटीत नोंद करत होते. बेसलाइनमध्ये तो सरासरी 25% वेळ अभ्यासात असायचा. मग तो अभ्यास करताना दिसला की निरीक्षक रंगीत कागदाचा छोटा तुकडा वर धरायचा आणि ती खूण पाहून बाई त्याच्याजवळ जाऊन कौतुकाचे दोन शब्द बोलायच्या. सरासरी 71% वर गेली. खरी कमाल यापुढे आहे: कौतुक मुद्दाम थांबवलं तेव्हा ती 50% वर आली आणि पुन्हा सुरू केल्यावर परत चढली. नळ उघडला की पाणी, बंद केला की नाही. हेच रिव्हर्सल, म्हणजे एबीएबी डिझाइन.

अर्थात मोजणीच भुसभुशीत असेल तर डिझाइन कितीही चांगलं असून उपयोग नाही. ‘चिडचिड’ मोजता येत नाही, किंचाळणं मोजता येतं. व्याख्या अशी हवी: बंद दारापलीकडे ऐकू जाईल असा, 1 सेकंदाहून जास्त टिकलेला आवाज. मध्ये 3 सेकंद शांतता गेली तर पुढचा आवाज वेगळा मोजायचा. गाताना किंवा हसताना केलेला आवाज धरायचा नाही. मराठी घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. मूल आरबीटीला ‘वॉटर’ म्हणतं आणि घरच्यांना ‘पाणी’. व्याख्येत दोन्ही शब्द नसतील तर मागून घेतलेलं निम्मं पाणी नोंदीतच येत नाही.

चौकटींच्या नोंदीतही एक फसगत आहे. 10 मिनिटांच्या 15-15 सेकंदांच्या 40 चौकटी करा. चौकटीत एकदा जरी आवाज आला तरी टिक, असा नियम ठेवा. दीड-दीड सेकंदाच्या 20 किंकाळ्या वेगवेगळ्या 20 चौकटींत पडल्या तर ग्राफवर 50% दिसेल. प्रत्यक्षात मूल 600 पैकी 30 सेकंद, म्हणजे 5% वेळ किंचाळलं. उलट, चौकट पूर्ण भरली तरच टिक असा नियम असेल तर तेच वर्तन 0% दिसतं.

नियम नीट ठरला तरी मोजणाऱ्याची नजर चुकू शकते, म्हणून दुसरा निरीक्षक लागतो. प्रत्येक टप्प्यातल्या किमान 20% सेशन्समध्ये दोघांनी एकमेकांची नोंद न पाहता मोजायचं. जुळणी 80% च्या खाली गेली की व्याख्या दुरुस्त करायची. इथे नुसत्या बेरजेवर विसंबू नका. एकाने 18 मोजले, दुसऱ्याने 20, म्हणजे जुळणी 90%. पण पहिल्या पाच मिनिटांत 15 आणि 5, पुढच्या पाचांत 3 आणि 15 अशी फोड निघाली तर जुळणी 33% आणि 20% आहे. दोघांनी एकच गोष्ट पाहिलेलीच नाही.

किती ठिपके पुरेत? अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊसने 2010 मध्ये सिंगल-केस, म्हणजे एकेका मुलावर केलेल्या अशा अभ्यासांसाठी निकष ठरवले. परिणाम तीन वेगवेगळ्या वेळी दाखवण्याची संधी हवी, आणि बिनशर्त पसंतीसाठी प्रत्येक टप्प्यात किमान 5 ठिपके हवेत. एबीएबीला म्हणजे निदान 20 सेशन्स. ठिपके 3 किंवा 4 असतील तर पसंती सशर्त. बेसलाइन आधीपासूनच खाली उतरत असेल तर उपाय सुरू करू नये. पुढची घसरण कुणामुळे झाली ते कधीच सांगता येणार नाही. कोऱ्या कागदाने ग्राफची उजवी बाजू झाका, डावीकडचे ठिपके असेच पुढे गेले तर कुठे पोचतील याचा अंदाज घ्या आणि मग कागद उचला.

मूल डोकं आपटून घेत असेल तर उपाय थांबवून बघणं माणुसकीला धरून नाही. वाचायला शिकलेलं मूल उपाय थांबला म्हणून वाचन विसरतही नाही. अशा वेळी मल्टिपल बेसलाइन कामी येतं. जेवण, अभ्यास आणि आंघोळ या तिन्ही वेळांची मोजणी एकदमच सुरू करायची, पण उपाय जेवणाला सहाव्या, अभ्यासाला दहाव्या आणि आंघोळीला चौदाव्या सेशनपासून. प्रत्येक रेघ आपापली पाळी आल्यावरच हलली तर उपायाचा परिणाम मानता येतो.

समजा नवव्या सेशनच्या सुमारास आजी भारतातून आली आणि पुढे काही महिने राहणार आहे. तिन्ही रेघा एकदम खाली आल्या तर ती आजीची माया आहे, थेरपी नव्हे, आणि हे डिझाइन ते स्वच्छ दाखवतं. एबी ग्राफमध्ये दोन्ही एकात एक मिसळून गेलं असतं. कधी जेवणातला बदल आपसूकच अभ्यासात उतरतो. मुलासाठी ते छानच, पण पुरावा तेवढा लंगडा होतो.

गणितं सोडवण्यासारख्या हळूहळू वाढवायच्या गोष्टींना बदलत्या निकषाचं डिझाइन चालतं: निकष आधी 4 गणितं, मग 6, मग 8, मध्येच एकदा मुद्दाम परत 6. मूल त्या 6 वर आलं तर निकषाची पकड सिद्ध होते.

आणि ग्राफ अचानक बिघडला तर मुलाकडे बोट दाखवण्याआधी उपाय ठरल्याप्रमाणे झाला का ते बघा. उपायाच्या 7 पायऱ्यांपैकी 5 झाल्या असतील तर अंमलबजावणी 71% आहे आणि ग्राफ त्या अर्धवट उपायाचा आहे. किंचाळल्यावर दहातल्या दोन वेळाच बिस्किट मिळत असेल तर किंचाळणं उलट जास्त चिवट होतं, आणि ते बिस्किट बहुधा नकळत प्रेमापोटी दिलं जातं. उपायाची कागदपत्रं इंग्रजीत असतात. त्या 7 पायऱ्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून आजी-आजोबांसाठी फ्रीजवर लावा.