मार्क्स कार्ड आधी, बाकीचं मागाहून

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका पीयू कॉलेजात (म्हणजे अकरावी-बारावीच्या) मी क्लार्क म्हणून लागले तो जून महिना होता. प्रवेशाची खिडकी माझ्याकडे आली. बाहेर जांबोटीकडून आलेला पाऊस आणि पागोळ्यांखाली पोरांची रांग. कुणी कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणलेले, कुणी शर्टाच्या आत. एका टीसीवरची, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची, शाई अशी पसरली होती की जन्मतारखेतला आकडा १ की ७ तेच कळेना. मी मिळेल तो कागद घेत गेले, पंच करून लाल टॅगात ओवत गेले. संध्याकाळी फायलींची चळत बघून काम झाल्यासारखं वाटायचं.

ऑगस्टात शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले आणि माझं पितळ उघडं पडलं. जातीचा दाखला होता, पण झेरॉक्समध्ये वरची कड कापली गेलेली, आणि आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, नेमका तिथंच. तो नंबर नसेल तर कॉम्प्युटर पुढं सरकतच नाही. काहींचा जात-उत्पन्नाचा दाखला सहावीत काढलेला. मराठा पोरं आपल्याकडे ३बी या मागासवर्गाच्या गटात, त्या दाखल्याची मुदत पाच वर्षं, म्हणजे ऐन पीयूसीत संपणार. बँकेचं पासबुक होतं, पण खातं आधारला जोडलेलं नाही. आणि नावं! नावांनी तर जीव खाल्ला.

मष्णू हे नाव आमच्याकडे गल्लोगल्ली. आता ते इंग्रजीत कसं लिहायचं? शाळेत मास्तरांनी एक तऱ्हा केली, आधार काढणाऱ्यानं दुसरी, आणि नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत, कानडीत टाइप होऊन आलेली तिसरी. एका मुलीच्या आधारवर बापाचं नाव तिच्या नावातच होतं, त्यात एक अक्षर कमी. दहावीच्या मार्क्स कार्डावर, म्हणजे गुणपत्रिकेवर, ते अक्षर जास्त. घरातली माणसं तीच, गाव तेच, पण पोर्टलच्या हिशेबी या दोन वेगळ्या मुली. तिचे वडील खिडकीशी आले. "अक्का, माझं नाव मला ठाऊक नाही व्हय? लिहा की तुमी बरोबर." मी काय लिहिणार?

आमचे हेडक्लार्क तेव्हा पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "दहावीचं मार्क्स कार्ड हा खांब. बाकीचे कागद त्याला आणून बांधायचे." कार्डावरची दुरुस्ती करायची तर शाळा, तिथून परीक्षा मंडळ, असा लांबचा फेरा. त्यापेक्षा कार्ड दाखवून आधार दुरुस्त करणं सोपं. पण तिथंही जपून, कारण आधारवरचं नाव उभ्या आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून त्या मुलीला पाठवण्याआधी मी बरोबर नाव एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून दिलं आणि बजावलं, समोरचा टाइप करील ते स्क्रीनवर अक्षर अक्षर वाच, मगच हो म्हण.

दुसऱ्या वर्षापासून माझी रीत बदलली. आधी मार्क्स कार्ड टेबलावर. मग टीसी, आधार, दाखला, पासबुक एकेक करून त्याच्या शेजारी ठेवायचं आणि नाव मोठ्यानं वाचायचं. रांग खोळंबते, मागचे कुरकुरतात, कुरकुरू देत. टीसी कानडीत असतो, पुष्कळ पालकांना तो वाचता येत नाही. मीही सातवीपर्यंत मराठी शाळेतली, कानडी पक्कं झालं ते या नोकरीत. त्यामुळे त्यांना वाचून दाखवायला मला कमीपणा वाटत नाही, उलट चुका त्याच वेळी सापडतात. टीसी तेवढा मूळ ठेवून घ्यायचा, मार्क्स कार्ड बघून लगेच परत. जे राहिलं ते फायलीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं, आणि तेच मराठीत चिठ्ठीवर पोराच्या हातात. पेन्सिल अशासाठी की कागद आला की खोडता येतं. चंदगडकडून येणाऱ्या पोरांची फाईल वेगळ्या रंगाच्या कव्हरात, कारण त्यांचं बोर्ड महाराष्ट्राचं. बोर्ड बदलताना लागणारं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रतेचा दाखला यांचा घोळ त्यांच्यामागे जास्तीचा.

एक चूक मात्र अजून सलते. कॉम्प्युटरवर माहिती भरताना मातृभाषेच्या रकान्यात पहिल्या वर्षी मी घाईनं एकाखाली एक 'कन्नड' टाकत गेले. कुठं कुणाला काय फरक पडतो, असं वाटलं. दोन वर्षांनी त्याच तुकडीतला एक मुलगा बारावी होऊन आला. त्याला कोल्हापूरला इंजिनिअरिंगला जायचं होतं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत त्याचं गाव. अशा सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना तिकडच्या प्रवेशात ई टाइपमधून अर्ज करता येतो. त्यासाठी मातृभाषेचा दाखला लागतो. पोरगा उभा जन्म मराठीत बोललेला, पहिली ते दहावी मराठी माध्यम, आणि आमच्या नोंदीत तो कानडी! १९५६ पासून सीमावादात ज्यावरून एवढं रामायण चाललंय, ते मी माऊसच्या एका क्लिकवर उरकून टाकलं होतं.

मी प्रिन्सिपॉलसरांच्या पुढ्यात जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. दहावीच्या शाळेतून मूळ नोंदीचा उतारा आणवला, रजिस्टरमध्ये लाल शाईनं दुरुस्ती, बाजूला सरांची सही आणि शिक्का. मुलाचे वडील तीन दिवस कामाचा खाडा करून हेलपाटे घालत होते. दाखला हातात पडल्यावर एवढंच म्हणाले, "आधी इचारलं असतंस तर बाई, सांगितलं असतं की." यावर मी काय बोलणार?

आता तो रकाना मी विचारल्याशिवाय भरत नाही. काही पोरं हसतात. "मॅडम, मराठीतच तर बोलाय लागलोय की तुमच्याशी!" तरी विचारते.

यंदा सप्टेंबर उजाडला तेव्हा पेन्सिलीच्या खुणा दोनच फायलींवर उरल्या होत्या. एक गेल्या आठवड्यात पुसली. दुसरीला अजून टॅग बांधलेला नाही, खणात वरच ठेवली आहे. त्या पोराचा टीसी यायचाय.