चंद्राला करंगळी

पौर्णिमेचा चंद्र उगवताना माझ्या शेजारी जो कुणी उभा असेल तो कधी ना कधी विचारतोच, “तुम्ही चंद्राला करंगळी का दाखवता?” शाळेत करंगळी दाखवण्याचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे प्रश्न बहुधा हसत हसतच येतो. आजवर ‘सवय आहे’ म्हणून वेळ मारून नेली. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. सवय मूळची माझी नव्हे, मामाची.

मामा शिंपी होता. आकाशाशी त्याचा संबंध एवढाच, की दिवसभर खाली मान घालून बसल्यावर रात्री ती वर करायला त्याला बरं वाटायचं. मेच्या सुट्टीत मी त्याच्याकडे राहायला जायचे. मशीनवर कव्हर पडलं की आम्ही दोघं गच्चीवर. गळ्यातला टेप काढायचं भान त्याला कधीच नसायचं आणि कानामागचा खडू तर झोपतानाही तिथेच असावा, अशी मला दाट शंका होती.

मी सात-आठ वर्षांची असेन. समोरच्या घरांमागून चंद्र वर आला, तांबूस, आणि एवढा मोठा की मी ओरडलेच.

“मामा, केवढा झालाय बघ!”

“केवढा?”

“परातीएवढा!”

“परात कुठे धरलीस? नाकासमोर की रस्त्यापलीकडे? नीट माप सांग.”

मला काही सांगता येईना. तेव्हा त्याने माझा हात धरून सरळ पुढे ताणला, एक डोळा मिटायला लावला आणि माझी करंगळी चंद्रावर नेऊन ठेवली. परात गडप. नुसती गडप नाही, बोटाच्या दोन्ही कडांना जागा शिल्लक! मी हात बाजूला करून बघितलं, परत ठेवून बघितलं. एवढासा? मग फसवणूक झाल्यासारखं वाटून मी तक्रार केली, की माझं बोट तर लहान आहे.

“मग हातही आखूडच आहे ना,” मामा म्हणाला.

या उत्तरात किती भूमिती होती ते कळायला मला बरीच वर्षं लागली. हात ताणून धरला की करंगळीची रुंदी साधारण १ अंश भरते. बोट आणि हात एकमेकांच्या प्रमाणात वाढतात, म्हणून लहानाला आणि मोठ्याला जवळपास तेच माप लागू पडतं. चंद्र असतो अर्धा अंश. मधली तीन बोटं जोडून धरली की ५ अंश, सप्तर्षींमधल्या क्रतु आणि पुलह यांच्यात असतं तेवढं अंतर. अख्खी मूठ १० अंश. मामाला अंश-बिंश काही ठाऊक नव्हतं. तो सरळ ‘तीन बोटं’, ‘एक मूठ’ म्हणायचा.

त्या रात्री चंद्र चांगला वर चढल्यावर त्याने मला पुन्हा माप घ्यायला लावलं. आता चंद्र केवढुसा दिसत होता, पण करंगळीखाली तेवढाच. उगवता चंद्र मोठा वाटतो, तो फक्त आपल्या मनाला. खरं तर डोक्यावर आलेल्या चंद्रापेक्षा तो आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे ६,००० किलोमीटरहून अधिक, लांब असतो. काटेकोर मोजलं तर किंचित लहानच भरेल. खाली आल्यावर मामाने गिऱ्हाइकांच्या मापांची वही काढली आणि कुणाच्या तरी छाती, कंबर, बाहीच्या खाली लिहिलं: ‘चंद्र, अर्धी करंगळी.’ तारीखसुद्धा घातली. ती वही मी नंतर खूप शोधली. सापडली नाही.

त्याचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. ठरल्या दिवशी त्याने कुणाला कपडे दिल्याचं मला आठवत नाही. ‘परवा नक्की’ हे त्याचं एकमेव वेळापत्रक. एकदा पश्चिमेकडचा एक ठळक ठिपका दाखवून त्याने मला शुक्राबद्दल बरंच काही ऐकवलं. मग शुक्र वळला आणि लुकलुकत, घरघरत आमच्या डोक्यावरून निघून गेला. मामा क्षणभर गप्प. मग म्हणाला, “उसवू या. पुन्हा घालू टाका.” स्वतःची चूक इतक्या सहज उसवणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही फार पाहिली नाहीत.

पुढे वाचनात आलं की टायको ब्राहेने ग्रहताऱ्यांची सगळी मोजमापं दुर्बिणीशिवाय केली. तो १६०१ साली वारला आणि गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली ती १६०९मध्ये. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे केप्लरने शोधून काढलं, ते टायकोच्याच मापांवरून. का कोण जाणे, मला टायकोसुद्धा गळ्यात टेप घातलेलाच दिसतो.

करंगळीने मोजता येणार नाही अशी एक गोष्ट मामाने शेवटी ठेवलेली असायची: अरुंधती. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून ही बारीकशी. दोघांमधलं अंतर १२ कला, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी. “दिसते म्हणायला काय जातंय? कुठल्या बाजूला आहे ते सांग,” हा त्याचा नियम. सप्तर्षी ध्रुवाभोवती फिरतात तशी अरुंधतीची बाजूही बदलत जाते, पण मी जायचे ती मेमध्ये. तेव्हा नऊ-दहाच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला उंच आलेले असतात. त्यामुळे माझं उत्तर दरवर्षी एकच.

“उजवीकडे.”

“पास.”

पास झालेल्याला दुसऱ्या दिवशी सुया ओवायचं काम मिळायचं. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, चिमटीत चपटं करायचं आणि नेढ्यातून पार. मामा पाच-सहा सुया ओवून ठेवायला सांगायचा, दिवसभराच्या. मला तो मान वाटायचा. त्याला स्वतःला नेढं दिसत नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग सुट्ट्या संपल्या, नोकरी लागली, जाणं कमी झालं. एकदा फेब्रुवारीच्या अखेरीस गेले. मशीनवर दिवसाही कव्हर होतं. जेवणं झाल्यावर दहाच्या सुमाराला मीच त्याला गच्चीवर घेऊन गेले, जिन्यात हात धरून. सप्तर्षी ईशान्येला नुकते वर येत होते, शेपटीवर उभे राहिल्यासारखे. अरुंधती वसिष्ठाच्या अगदी खाली होती.

“मामा, अरुंधती दिसते?”

“न दिसायला काय झालं?”

“मग बाजू सांग.”

त्याने हात पुढे ताणला, एक डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिला.

“उजवीकडे.”

“पास,” मी म्हटलं.