सामन्याच्या रात्री रिकामं असणारं घर : खेळाडूंच्या बंगल्यांची सुरक्षा करताना आलेला माझा अनुभव

खेळाडूच्या घराचं काम हाती आलं की मी कुंपण बघायच्या आधी त्याचं वेळापत्रक मागतो. तो कुठल्या रात्री कुठल्या शहरात मैदानावर असेल हे सगळ्या जगाला माहीत असतं, त्यामुळे पाळत ठेवण्याचं चोराचं निम्मं काम आयतं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या पॅट्रिक महोम्स आणि ट्रॅव्हिस केल्सी यांची घरं लागोपाठ फोडली गेली. डिसेंबरात त्याच खेळातला जो बरो डॅलसमध्ये खेळत असताना त्याचं सिनसिनाटीजवळचं घर फुटलं. ऑक्टोबरातच बेन स्टोक्स पाकिस्तान दौऱ्यावर असताना बुरखेधारी चोर त्याच्या डरहॅममधल्या घरात शिरले, आणि त्या वेळी बायको व दोन मुलं घरातच होती. म्हणून 'घरी माणसं असतात, काळजी नाही' हे मी ऐकून घेत नाही.

पैसा बहुतेक वेळा फाटकावर खर्च झालेला असतो. अमेरिकेत या घरफोड्या करणाऱ्या टोळ्या मात्र मागच्या बाजूने, झाडीच्या आडून येत. वरच्या मजल्यावर सेन्सर नसतात हे हेरून त्या बाल्कनीतून किंवा खिडकीतून आत शिरत आणि थेट मास्टर बेडरूम गाठत. त्यामुळे मी पाहणी मागच्या भिंतीपासून सुरू करतो : पाइप, एसीचा स्टँड, गॅरेजचं छप्पर, शिडी कुठे ठेवली आहे.

बाल्कनीचं सरकतं काचेचं दार हा माझ्या अनुभवात सगळ्यात कच्चा दुवा. दार बंद करून पल्ला दोन्ही हातांनी वर उचलून बघा. पल्ला बसवता यावा म्हणून वर फट ठेवलेली असते, आणि ती 8-10 मिमी असली तर कुलूप न तोडता अख्खा पल्ला रुळातून बाहेर निघतो. दार बंद असताना पल्ल्याच्या बरोबर वर, वरच्या चॅनेलमध्ये, अडकण बसवून फट 2-3 मिमीवर आणायची आणि खालच्या रुळात मापाने कापलेला पाइप आडवा टाकायचा. काचेवर 200 मायक्रॉनची सुरक्षा फिल्म लावतात, पण ती फक्त काचेपुरती लावली तर तडकलेली काच फिल्मसकट चौकटीतून निसटते. फिल्मची कड स्ट्रक्चरल सिलिकॉनने, म्हणजे भार पेलणाऱ्या चिकट सिलिकॉनने, चौकटीला बांधावी लागते. हे सिलिकॉन पुरतं धरायला साधारण आठवडा जातो, तेव्हा दौऱ्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

तिजोरीत हीच चूक वेगळ्या रूपात दिसते. 40 किलोची तिजोरी दोघं उचलून नेतात. वॉर्डरोबच्या प्लायवूडला स्क्रूने बसवलेली तर पहारीने उपटते. ती स्लॅबला चार 12 मिमी अँकर फास्टनरने (काँक्रीटमध्ये आवळून बसणाऱ्या बोल्टने) धरायला हवी. फास्टनर 75 मिमीचा घेतला तर तो फरशी आणि खालच्या मसाल्यातच संपतो, काँक्रीटला पोचतच नाही. मी 150 मिमीचे वापरतो, आणि ड्रिल लावण्याआधी खालून वायरिंगचे पाइप कुठून गेलेत ते तपासतो.

वायफायवरचे कॅमेरे जॅमरने, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या यंत्राने, बंद पाडता येतात, आणि या चोऱ्यांनंतर एफबीआयने नेमका हाच इशारा दिला. कॅमेरे केबलवरच असावेत आणि रेकॉर्डर युपीएससकट कुलूपबंद कपाटात असावा. वायरलेस अलार्म आधीच असेल तर सेन्सरचा संपर्क तुटला की पॅनेलने त्याला बिघाड न समजता अलार्म समजावं, असं सेटिंग करून घ्या. हा पर्याय बऱ्याचदा बंदच ठेवलेला सापडतो.

कुटुंबासाठी एक खोली ठरवावी : भरीव लाकडाचं दार, आतून दोन कड्या, चार्ज केलेला फोन, पॅनिक बटण. आवाज आला की सगळ्यांनी तिथे जाऊन 112 लावायचा. चोराला सामोरं जायचं नाही. फुटबॉलपटू जुआंव कॅन्सेलोला डिसेंबर 2021 मध्ये घरात शिरलेल्या चोरांचा प्रतिकार करताना चेहऱ्यावर जखमा झाल्या होत्या.

घड्याळं, दागिने, पदकं यांचे फोटो आणि अनुक्रमांक घराबाहेर जपून ठेवा. स्टोक्सला चोरीला गेलेल्या वस्तूंचे फोटो लोकांसमोर ठेवता आले ते फोटो हाताशी होते म्हणून. विम्याचे कागदही वाचा. घर सलग 30 दिवस रिकामं राहिलं तर चोरीचं संरक्षण थांबतं, अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते. आयपीएलला जोडून परदेश दौरा आला तर ही मुदत सहज उलटते, त्यामुळे विमा कंपनीला आधी लेखी कळवून मान्यता घ्यावी.

घरातल्यांनी विमानतळावरून स्टोरी टाकू नये. पोस्ट परतल्यावरच. कुरियरवाले, बागकाम करणारे, 'मीटर बघायला आलो' म्हणणारे यांना ओळख पटल्याशिवाय आत घेऊ नये, कारण अमेरिकेतल्या टोळ्यांनी असेच बहाणे वापरले होते.

निघण्याच्या दोन दिवस आधी आम्ही मेन स्विच पाडतो, राउटर बंद करतो आणि मागच्या बाल्कनीचं दार उघडतो. अलार्म वाजल्यापासून रक्षक त्या दारापाशी पोचेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजतो. तो वेळ आत शिरलेल्या चोराला तिजोरी गाठून उपटायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त निघाला, तर घर अजून ताब्यात देत नाही.