तळपायातला दोरा

पीएचडीचा व्हायवा वैशाखात झाला. हॉस्टेलची खोली सोडली, पुस्तकांची पोती आत्याच्या माळवदावर टाकली आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून निघाले. भक्ती होती का विचाराल, तर होती थोडी. पण दिंडी मावशीची होती, वाटेतल्या जेवणाखाण्याची भिशीही तिनंच भरलेली. आणि घरी राहिले असते तर रोज संध्याकाळी कुणीतरी चहाला येऊन "मग आता?" म्हणालं असतं. पीएचडीनंतर आमच्याकडं याची उत्तरं ठरलेली आहेत. तासिका तत्त्वावर कुठंतरी शिकवायचं, जाहिरात निघायची वाट बघायची, नाहीतर संस्थेत किती मागतात ते हळू आवाजात विचारून यायचं. मला यातलं काहीच नको होतं असंही नाही. काय हवंय तेच कळत नव्हतं, आणि ते कळत नसूनही रात्री झोप छान लागत होती. हे मावशीला सांगायची सोय नव्हती.

दिंडीत तरी सुटका कुठली! एक रिटायर गुरुजी पहिल्याच दिवशी बरोबरीनं चालायला लागले.

"विषय काय ताई तुमचा?"

"भूशास्त्र. बालाघाटातलं भूजल."

"म्हणजे पाणी कुठं लागंल ते सांगता?"

"तसं नाही सांगता येत काका."

"मग काय उपयोग? आमच्या वावरात चार बोअर कोरडे गेले."

हा प्रश्न व्हायवात कुणी विचारला नव्हता. उत्तर द्यावं तोवर पुढं "भानुदास एकनाथ"चा गजर उठला. गुरुजींनी टाळ घेतले आणि मला विसरून गेले.

त्यानंतरचे दिवस एकमेकांत मिसळलेत. मिडसांगवीचं रिंगण आठवतं ते फक्त नाकातल्या धुळीमुळं. पहाटे तीनला टँकरपाशी रांग, अंधारात साडीचा आडोसा धरून आंघोळी, काकडा, मग चाल. राहुटीत माझ्या शेजारच्या आजी रात्रभर घोरायच्या आणि सकाळी मलाच म्हणायच्या, "पोरी, फार कुशी बदलतीस गं." एका रात्री तर मी उशी घेऊन सामानाच्या ट्रकखाली झोपले. पण याच आजी हरिपाठात डोळे मिटून उभ्या राहिल्या, की त्यांच्यावरून नजर हलायची नाही.

रायमोह्याहून पाटोद्याकडं जाताना पाऊस येऊन गेला. मोजे ओले झाले, पाठोपाठ ऊन तापलं आणि दुपारपर्यंत उजव्या चवड्याखाली रुपयाएवढा फोड. टाच टेकवत, कडेकडेनं चालत राहिले. दिंडी पुढं गेली. विणेकरी दिसेनासे झाले, मग पखवाजही ऐकू येईना. नुसती चढण, दोन्ही बाजूंना मुरूम आणि मागून हॉर्न वाजवणारे पाण्याचे ट्रॅक्टर. पांडुरंगाला त्या तासाभरात मी जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

रस्त्याच्या कडेच्या वावरात एक बाई सरकी लावत होती. तिनं मान वर करून माझी चाल बघितली.

"कामून लंगडतीस गं? ये हिकडं. बस त्या लिंबाखाली."

तिनं विहिरीतून बादली शेंदली आणि पाय स्वतःच्या हातानं धुतला. मी ओढून घ्यायला लागले तर रागावली. "माउलीचा पाय हाय, गप बस." ब्लाऊजला टोचलेली सुई काढली, काडी ओढून तिचं टोक तापवलं, पदराच्या कडेचा दोरा उसवून ओवला. फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं सुई काढली आणि दोरा आतच ठेवून तोडला. दोन्हीकडं बोटभर शेपटं. पाणी दोऱ्यावरून ठिबकायला लागलं. "ओढू नको. कातडं काढू नको. आपसूक सुकतंय." मग घरातून हळद आणि गोडंतेल आणलं.

"कुठं शिकलात हे?"

"शिकायचं काय त्यात? कारखान्याला गेलं की दरसाली पोरांच्या पायाला हेच." दसरा झाला की कोयता घेऊन दोघं नवरा-बायको ऊसतोडीला जातात. मागच्या सालची मुकादमाची उचल अजून फिटलेली नाही, तेवढ्यात यंदाची घ्यावी लागणार. हे तिनं हळद दाबता दाबता सांगितलं, पाऊस पडून गेला म्हणावं तसं. पालखी दरसाल दारावरून जाते, ती पंढरीला अजून गेलेली नाही.

"तू शिकतीस?"

"संपलं शिकणं."

"मंग आता मोकळी."

एवढंच. पुढं काही विचारलं नाही, उठून सरकीच्या ओळीला लागली. मी तिथं बसून होते. तिच्या मोकळी म्हणण्यानं बरं वाटलं आणि तिच्यासमोर बरं वाटल्याची लाजही वाटली. सवयीनं विहिरीत डोकावले. वर मुरूम, खाली काळा पाषाण, तळाला गुडघाभर पाणी. अशा विहिरींत टेप सोडून मी कितीतरी उन्हाळे काढलेत. आज ना टेप होता, ना वही. त्या गुडघाभरातलंच तांब्याभर पाणी प्यायले. निघताना पैसे पुढं केले तर तिनं हात जोडले. मग मीही जोडले.

दिंडी गाठली तेव्हा पंगत बसली होती. मावशी भडकलेली, फोन लागत नव्हता म्हणून. पिठलं गार झालं होतं.

पारगाव घुमरे, खर्डा, परांडा गेलं. दोरा परांड्याच्या अलीकडं कधीतरी आपोआप गळून पडला. करकंबला एका कॉलेजातून मेसेज आला, तासिका तत्त्वावर जागा आहे, सोमवारपर्यंत कळवा. वाचला आणि भाताच्या रांगेत उभी राहिले. सोमवार कधीचा आहे हेही तेव्हा माहीत नव्हतं.

पंढरपुरात मुखदर्शनाच्या रांगेत मी काही मागितलं नाही. ठरवून नव्हे. "चला माउली, चला पुढं" करत एवढं ढकललं, की विटेपर्यंत नजर पोचायच्या आत मी बाहेर होते. मावशी मात्र समाधानानं फुललेली.

"मागितलं मी तुझ्यासाठी."

"काय मागितलंस?"

"सांगायचं नसतं."

मला भयंकर राग आला. एसटी स्टँडपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तिथं तिनं चिवड्याची पुडी सोडली आणि गुरुजींना हाक मारली, "या हो, आमच्या डॉक्टरीणबाईंना तुमच्या बोअरचं विचारा." गुरुजी खरंच आले, सातबारा पिशवीत घेऊन.