हेड स्टडचा रविवार

आज अख्खा रविवार गॅरेजमध्ये गेला राव. मित्राच्या जिप्सीचं इंजिन खोललंय, कंप्रेशन वाढवलंय त्यामुळे हेड (इंजिनचं वरचं झाकण) खालच्या ब्लॉकला धरून ठेवणारे जुने बोल्ट परत लावायचे नाहीत हे आधीच ठरलेलं, स्टडच मागवले, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले बिनडोक्याचे दांडे. बोल्ट आवळताना ताणही घेतो आणि पीळही खातो, स्टड मात्र ब्लॉकमध्ये गप बसतो, फिरतो तो वरचा नट, त्यामुळे ताण सरळ येतो आणि ब्लॉकचे आटेही झिजत नाहीत.

मी आपला जोर लावून स्टड आवळायला निघालो तर मेस्त्री ओरडले, "अहो, हाताने बसवा फक्त! जोर नटावर काढा." मग ब्लॉकच्या प्रत्येक भोकात आटे साफ करायला टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून हवा मारली, कारण बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं की स्टड खाली जाताना दाब येऊन ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. (अर्धा दिवस यातच गेला, चहा ३ वेळा.) नटाखाली स्टडसोबत आलेलंच ल्यूब (वंगण) लावलं, कारण साधं ऑइल लावलं तर त्याच टॉर्कला, म्हणजे आवळायच्या त्याच जोराला, ताण वेगळा पडतो. मग मधल्या नटांपासून बाहेरच्या नटांकडे, ३ टप्प्यांत, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला क्लिक करणारा पाना) आवळले. शेवटच्या क्लिकला मित्र श्वास रोखून उभा होता, पैसे त्याचेच ना 😄