लातूर, मे महिना : पीएचडी, प्रश्नावली आणि जुनं गाव

आज सहामाही प्रेझेंटेशन झालं. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वसवलेल्या गावांमधला शेजार, हा माझा विषय. पहिलीच स्लाइड लावली तर कमिटीतले एक सर म्हणाले, मॅडम सॅम्पल किती, गृहीतकं कुठायत, शेकडेवारी कुठाय. मी म्हणलं सर, तक्ते आहेत पण परिशिष्टात आहेत, चॅप्टर मुलाखतींवर उभाय. मग त्यावर बराच वेळ चाललं. गाइड माझ्या बाजूनं बोलले, बरं वाटलं, पण विषय डोक्यातून जाईना म्हणून लिहून ठेवतेय.

प्रश्नावली मी पण भरून घेतलीय की. सुरुवातीला तेच केलं, आपल्याकडं समाजशास्त्रात सगळे तेच करतात. त्यात एक प्रश्न होता, नवीन घराबद्दल आपण समाधानी आहात का, होय / नाही / सांगता येत नाही. बहुतेकांनी होय सांगितलं. आणि ते खोटं नाही, घर पक्कं आहे, दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे जुन्या घराच्या मातीच्या छतावर, माती टाकायचं काम गेलं. पण एका आज्जीनं होय म्हणून झाल्यावर मी पुढचा प्रश्न विचारायच्या आत तीच बोलायला लागली. तूर निवडत होती, सूप मांडीवर. म्हणली, "घर चांगलंय गं बाई, पर माझ्या जावंची आन् माझी भिंतीला भिंत हुती, हितनं हाक मारली की तिथनं ओ यायची. आता ती पार त्या टोकाला. दुखलं खुपलं तर सांगावं कुनाला." सूप खाली ठेवलं आणि हातानंच दाखवलं मला, कोण कुठं राहायचं ते, पार गल्लीच्या तोंडापासून मारुतीच्या पारापर्यंत. तिचं हे सगळं माझ्या तक्त्यात "होय" म्हणून जमा झालंय.

आता हे असं का झालं ते नुसत्या आठवणीतनं कळत नाही, त्याला कागद लागतात. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा भार, ते सगळं अंगावर आलं. लातूर-धाराशिवकडची जी गावं पार गेली त्यातली 52 गावं जागतिक बँकेच्या मदतीतनं दुसऱ्या जागी नव्यानं बसवली. घरं दिली ती जमिनीच्या हिशोबानं, भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. कागदावर हे सरळ दिसतं. पण जुन्या गावात गल्ली भावकीनं आणि जातीनं बसलेली होती, आणि मी जिथं काम करते त्या गावात नव्या लेआउटमध्ये घराच्या साइजप्रमाणं रांगा पडल्या, त्यामुळं वाटण्या होऊन ज्या भावाच्या नावावर कमी जमीन लागली तो एका रांगेत आणि दुसरा भाऊ दुसऱ्या रांगेत. रस्ते मात्र मोठे, सरळ, ट्रॅक्टर सहज वळतो. आज्जीची जाऊ टोकाला का गेली याचं उत्तर सातबाऱ्यात आहे, आणि त्यानं तिचं काय झालं याचं उत्तर आज्जीकडं आहे. दोन्ही एकत्र आणणं हेच माझं संशोधन, असं मी आज सरांना सांगितलं आणि पुढं पण सांगणार.

शेकडेवारीला माझा विरोध नाही. किती घरांपुढं पत्र्याचं शेड आहे हे मी मोजलंच, मोजायलाच पाहिजे. पण पक्की खोली सोडून माणसं वर्षानुवर्षं त्या पत्र्याखाली का झोपली, डोक्यावर जड छत नको वाटायचं म्हणून, हे मोजून कळत नाही, तिथं बसावं लागतं. आणि बसायला गेलं की लोक आधी फॉर्मकडं बघतात. संमतीपत्र काढलं की "घरकुल आलंय का मॅडम?" हा प्रश्न ठरलेला. एक काका म्हणले तुमच्यासारखे लय आले, लिहून नेलं, परत कोण आलं नाही. म्हणून मी लिहिलेलं त्यांना नेऊन वाचून दाखवते. वेळ जातो. जाऊ दे.

वेळेचं म्हणाल तर 2022 च्या यूजीसी नियमात पीएचडीला कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6, बायांना आणखी 2 मिळू शकतात, ही तरतूद खरंच चांगली आहे. जेआरएफ म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप असणाऱ्यांना महिन्याला 37,000 रुपये मिळतात, बाकीचे तासिका तत्त्वावर शिकवून फील्डवर्क करतात, माझ्या बॅचला निम्मे तसेच आहेत आणि त्यांच्या चिकाटीचं मला फार कौतुक आहे. पण भूकंपात जी माणसं चाळिशीत होती ती आता सत्तरी ओलांडून गेलीत. ज्यांना जुनं गाव घर-अन्-घर पाठ आहे अशी माणसं कमी व्हायलीत, त्यांच्याकडं एक्स्टेन्शनचा अर्ज चालत नाही.

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला माझा अख्खा दिवस जातो, मोबाइलच्या व्हॉइस टायपिंगला आज्जीची बोली कळत नाही, "हुतं"चं भलतंच काहीतरी करतं. हातानंच लिहिते, आणि तिच्या बोलीतच लिहिते. थिसिस मराठीत करायचा हे मी रजिस्ट्रेशनच्या वेळीच ठरवलं होतं, निदान तिच्या नातीला तरी वाचता यावं.

पुढच्या प्रेझेंटेशनला जुन्या गावाचा नकाशा लावणार आहे, आज्जी आणि तिची जाऊ मिळून सांगतील तसा, आणि शेजारी नव्या गावाचा प्लॉटनिहाय. तक्ते पण देते, सरांचं ते म्हणणं रास्त आहे. जावंची मुलाखत तेवढी राहिलीय, मृग लागला की सगळे पेरणीला जातील, म्हणून सोमवारी सकाळच्या एसटीनं किल्लारीकडं निघते. दोघींना एका जागी बसवता आलं तर बघते.